चौदावा प्रश्न

१२ जानेवारी

चौदावा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंय.

प्रोग्रामरने आज दाखवलं. साइटच्या नोंदींचा लॉग चाळत बसला होता, मला हाक मारली. चाचणीची साइट एकवीस नोव्हेंबरला उघडली, ती फक्त पाच जणांना. आम्ही विभागातले चौघे आणि बाहेरचा एक. चौघांनी सगळीकडे बोटं घालून ठेवलीत, हा प्रश्न, तो प्रश्न, जे दिसेल ते बटण. प्रोग्रामरने स्वतः ‘मला बढती मिळेल का’ सतरा वेळा विचारलंय आणि दोनदा त्याला ‘गाढव विकत घे’ असं उत्तर आलंय. पाचव्या नावासमोर मात्र एकच प्रश्न. दिवसातून एकदा. त्रेपन्न दिवस, त्रेपन्न ओळी. सुट्टीचा दिवससुद्धा चुकलेला नाही.

“चौदाव्यात काही घोळ आहे का हो मॅडम? एवढं काय तपासतायत ते?”

बघते म्हटलं.

पाचवा म्हणजे आमचा मुद्रितशोधक. म्हणजे माझे बाबा.

१३ जानेवारी

झोप नीट झाली नाही. लिहूनच काढते, नाहीतर डोक्यात भुंगा लागून राहील.

शकुनग्रंथाची तीन हस्तलिखितं. क सगळ्यांत जुनं. ख त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी कुणीतरी केलेली नक्कल. ग अर्धवट, अर्धं उंदरांच्या पोटात. वीस प्रश्न आहेत. आपला प्रश्न निवडायचा, तीन फासे टाकायचे. तीन फाशांची दानं होतात छप्पन्न, प्रत्येक दानाला एक उत्तर. म्हणजे अकराशे वीस उत्तरं. चार वर्षं मी तीच उतरवतेय, तीन प्रती शेजारी-शेजारी ठेवून. अक्षर न् अक्षर, खोडलेलं, गाळलेलं, समासात कोंबलेलं. शेजारी आजच्या भाषेतलं उत्तर. आता प्रोग्रामरने फासेसुद्धा करून दिलेत. बटण दाबलं की गडगडतात. आवाजही येतो!

आजच्या भाषेतल्या मजकुरावर शेवटचा हात फिरवायला कुणीतरी हवं होतं. मी विभागप्रमुख सरांना बाबांचं नाव सुचवलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. आई ऑगस्टमध्ये गेली. तेव्हापासून ते खिडकीत बसून असायचे, पेपरातल्या चुकांवर लाल खुणा करत. म्हटलं हाताला काम मिळेल.

चौदावा प्रश्न — घर सोडून गेलेला माणूस परत येईल का?

१४ जानेवारी

धाकट्या भावाला घर सोडून अकरा वर्षं झाली. साडेअकरा.

तेवीस वर्षांचा होता. परीक्षा सोडून दिली होती आणि वर्षभर घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचा, संध्याकाळी यायचा. बाबांना बाहेरून कळलं. जेवायला बसलो होतो. बाबा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. “खोटं बोलणाऱ्याला या घरात जागा नाही.” एवढंच. धाकट्याने ताट सिंकमध्ये नेऊन ठेवलं. धुतलंसुद्धा. मग गेला.

तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडवलंय.

त्यानंतर बाबांनी त्याचं नाव काढलं नाही. आई गेली त्या दिवशीही नाही. मला वाटायचं, दगड आहे हा माणूस. आणि हा दगड रोज फासे टाकतोय.

१८ जानेवारी, रविवार

बाबांकडे गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, जिन्यातला दिवा अजून तसाच लुकलुकतो. त्यांनी टेबल खिडकीशी ओढून घेतलंय. मी दिलेला लॅपटॉप, भिंग, लाल पेन्सिल. पडद्यावर लाल पेन्सिल चालत नाही म्हणून कागदावर याद्या करतात. पान, ओळ, चूक, दुरुस्ती. अक्षर अजून मोत्यासारखं.

“तुमच्या त्या बाराव्या पानावर स्वल्पविराम कुठेही पडलेत. फासे टाकल्यासारखे.”

हसले मी. मग जरा आडून विचारलं, “तुम्ही टाकून बघता का कधी फासे? गंमत म्हणून?”

“मी तपासनीस आहे. तपासनीस नशीब विचारत नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघतो.”

डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले. पापणीही लवली नाही.

घरी येऊन लॉग उघडला. मी निघाल्यावर वीस मिनिटांनी. चौदा. दान चार-चार-एक. ‘दाराला कडी घालू नकोस, वाटेवर धूळ उठली आहे.’

दुसऱ्याची डायरी वाचल्यासारखं वाटलं. तरी बंद केला नाही.

२३ जानेवारी

रोज बघते. चहाच्या आधी लॉग. हे बरं नाही.

२ फेब्रुवारी

ख ची अतिनील प्रकाशातली छायाचित्रं आली. इतके दिवस वाटत होतं की चौदाव्या प्रश्नाच्या पानांवरचं लिखाण नुसतं झिजलंय. झिजलेलं नाही. खरवडलंय. चाकूने शाई खरवडून वर दुसरं लिहिलंय. खालची अक्षरं निळसर उजेडात पुसट, पण वाचता येतात.

दिवसभर बसून मोजलं. छप्पन्न उत्तरांपैकी एकोणीस. क मध्ये जी एकोणीस उत्तरं ‘येणार नाही’ म्हणतात, नेमकी तीच. आधी नकलकाराने इमानेइतबारे क सारखंच उतरवलं होतं. मग मागे येऊन एकेक खरवडलं. कमीत कमी अक्षरं बदलून ‘नाही’चं ‘हो’ केलंय. ‘दाराला कडी घाल, वाटेवर धूळ नाही’ होतं, त्याचं ‘कडी घालू नकोस’ झालं. ‘तुझ्या हाकेला आता कान नाहीत’ होतं, त्याचं ‘तुझी हाक कानी गेली आहे’.

बाकीच्या एकोणीस प्रश्नांत एक अक्षर खरवडलेलं नाही. मरणाऱ्याला ‘मरशील’ म्हणताना हात कापला नाही त्याचा. फक्त इथे.

आणि साइटवर चौदाव्याला ख चाच मजकूर आहे. तो आधी उतरवून झाला म्हणून तात्पुरता टाकला होता, मीच. म्हणजे नोव्हेंबरपासून बाबांना एकदाही ‘नाही’ मिळालेलं नाही. मिळणं शक्यच नव्हतं.

५ फेब्रुवारी

बैठक. सर खूश. असा शोध दहा वर्षांत एखादा लागतो म्हणाले, पाठीवर थाप मारायची बाकी होती. ठरलं ते ठरणारच होतं. मुख्य मजकूर क चा, ख चे बदल तळटीपेत, छायाचित्रांसकट.

प्रोग्रामर म्हणाला, “चौदावा कधी बदलायचा?”

पुढच्या आठवड्यात, म्हटलं.

१३ फेब्रुवारी

पुढच्या आठवड्यात.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबा आज बोलके होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. म्हणाले, पलंग भिंतीकडे सरकवायचा आहे, खोलीत जागा मोकळी हवी. कशाला, विचारलं नाही मी. दोघांनी मिळून सरकवला. मोकळ्या जागेत उभे राहून बघत होते. एक माणूस झोपेल एवढी जागा.

वाटलं, आता सांगावं. नाही सांगितलं. पायऱ्या उतरताना हुंदका आला आणि शेजारच्या बाई समोरून वर येत होत्या. सर्दी झालीय म्हटलं.

१९ फेब्रुवारी

सर रागावले. रास्तच आहे. पुढच्या महिन्यात साइट सगळ्यांसाठी उघडायची, आणि एका प्रश्नापाशी मी गाडी अडवून बसलेय. “तो नकलकार हळवा होता हे मान्य. पण त्याचं मन राखायला आपल्याला नेमलेलं नाही.”

संध्याकाळी प्रोग्रामरकडे गेले. विचारलं, एकाच माणसाला ख चा मजकूर दिसेल असं करता येतं का? बाकीच्यांना क?

“येतं की. दहा मिनिटांचं काम. कुणासाठी?”

मग सांगितलं. नोकरीला लागल्यापासून इथे कुणाला धाकट्याबद्दल सांगितलं नव्हतं. बहीणभाऊ किती, कुणी विचारलं तर ‘मी एकटीच’ म्हणायचे. ते सोपं जातं.

त्याने चष्मा काढून ठेवला. गुडघे चोळत बसला थोडा वेळ. नेहमी काहीतरी टोमणा मारणारा माणूस.

“करून देतो,” म्हणाला. “पण मॅडम, तुमचे बाबा अनुस्वार हरवला तरी पकडतात. तळटीप एक म्हणते आणि वरचा मजकूर दुसरं, हे त्यांना दिसणार नाही होय? आणि दिसलं की कुणी केलं हेही कळेल.”

त्याने त्याचं काम बाजूला ठेवलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. बाहेर सफाईवाली बादली ओढत नेत होती.

नको म्हटलं शेवटी.

२४ फेब्रुवारी

बदललं. दुपारी बारा वाजता, माझ्याच हाताने. एकोणीस उत्तरं. प्रत्येक वेळी यंत्र विचारतं, ‘नक्की बदलायचं?’

२५ फेब्रुवारी

दान तीन-दोन-एक. ‘येईल, पण ओळखू येणार नाही.’ हे क मध्येही असंच आहे. सुटले.

२६ फेब्रुवारी

सहा-सहा-चार. ‘फळं पिकायच्या आत.’ सुटले.

२७ फेब्रुवारी

पाच-दोन-दोन.

‘ज्याची वाट पाहतोस, त्याची वाट संपली आहे.’

ख मध्ये होतं, ‘त्याची वाट अर्धी सरली आहे’. चार दिवस आधी हेच दान पडतं तर तेच मिळालं असतं. आजच्या भाषेतलं वाक्यही माझंच. ‘वाट’ दोनदा आणल्याचं किती कौतुक वाटलं होतं तेव्हा!

२८ फेब्रुवारी

आज ओळ नाही.

१ मार्च, रविवार

नाही. फोन केला तर “सर्दीने डोकं जड आहे, तू येऊ नकोस, तुला लागेल” म्हणाले. आवाज नेहमीसारखाच.

५ मार्च

सहा दिवस झाले. एकही ओळ नाही. प्रोग्रामर रोज माझ्या टेबलाजवळून जातो, मान हलवतो. आज आल्याचा चहा आणून ठेवला आणि गेला.

मी काय केलं? चार वर्षं अक्षरं जुळवली, पाठ पक्का केला, आणि त्या पक्क्या पाठाने म्हाताऱ्याच्या तोंडावर दार लावलं. तो नकलकार माझ्यापेक्षा शहाणा. सरळ चाकू हातात घेतला त्याने.

८ मार्च, रविवार

न विचारता गेले. दार उघडलं. अंगात स्वेटर, दाढी वाढलेली. टेबल आवरलेलं, लॅपटॉप मिटलेला. पलंग पुन्हा पहिल्या जागी. एकट्याने सरकवला असणार.

मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. “बाबा, साइटवर कोण काय विचारतं त्याची नोंद राहते. मला दिसत होतं. जानेवारीपासून.”

त्यांनी खुर्चीकडे हात केला, बस म्हणून.

मग बांध फुटला. जे कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. या वहीतसुद्धा मी ते कधी लिहिलं नाही. धाकट्याने मला फोन केला होता. घर सोडल्यावर सात महिन्यांनी. मी कामात होते, चिडलेली होते. अनोळखी नंबर होता. “ताई, आई कशी आहे?” आवाज बसलेला. मी म्हटलं, “एवढी काळजी आहे तर येऊन बघ.” तो थोडा वेळ तसाच होता फोनवर. श्वास ऐकू येत होता. “बरं,” म्हणाला. ठेवला. त्या नंबरवर दुसऱ्या दिवशी लावला तर कुणी टपरीवाला होता.

आईला सांगितलं नाही. बाबांनाही नाही. काय सांगणार होते? फोन आला होता आणि मी त्याला टोचून बोलले?

“माझ्यामुळे आला नाही तो. तुमच्या बोलण्यामुळे नाही. तुम्ही उगाच स्वतःला...”

बाबांनी मध्येच विचारलं, “महिना कोणता होता?”

“फेब्रुवारी.”

“फेब्रुवारी,” म्हणाले. मान हलवली. उठून आत गेले. किती तरी वेळ नळाचं पाणी वाहत होतं. बाहेर आले ते दोन कप घेऊन. माझ्या चहात साखर घालायला विसरले होते, मी तसाच प्यायले.

निघताना दारात म्हणाले, “जिन्यात अंधार आहे. सांभाळून.”

त्यांनी मला माफ केलं की नाही, कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

१४ मार्च

शेवटची यादी टपालाने आली. चार पानं. दुरुस्त्या सगळ्या नेहमीच्या, ऱ्हस्व-दीर्घ, एक अवतरणचिन्ह उघडून मिटलेलं नाही वगैरे. तिसऱ्या पानावर चौदावा प्रश्न.

‘तळटीप वाचली. क चा पाठ बरोबर. तोच ठेवावा. ख लिहिणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी गेलेलं असणार.’

त्याखाली दान पाच-दोन-दोन. ‘“संपली आहे” नको. “संपली” पुरे.’

बरोबर आहे त्यांचं. वाक्य सुधारतं. मी दुरुस्ती केली, जतन केली, आणि प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून बसले.

१८ मार्च

उद्या साइट सगळ्यांसाठी उघडणार. चाचणीचा लॉग आज पुसला. प्रोग्रामरने विचारलं, प्रत काढून ठेवू का तुमच्यासाठी? नको म्हटलं. त्याने बटण दाबलं आणि खिडकी उघडली. खोलीत कोंदट झालं होतं.

१९ मार्च

पहिल्या दिवशी दोन हजारांवर लोक. सरांनी पेढ्यांऐवजी बिस्किटं आणली, प्रत्येकी दोन. सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न लग्नाचा. चौदावा अकराव्या स्थानावर.

२२ मार्च, रविवार

बाबा आज न सांगता माझ्याकडे आले. स्वेटरही न काढता बसले आणि सांगितलं.

मला फोन केला त्याच वर्षी एप्रिलमध्ये धाकटा वारला. ताप अंगावर काढला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. फोन छापखान्यात आला. बाबा एकटेच गेले, ओळख पटवली, सगळं तिथेच उरकलं. आईला म्हणाले होते, छापखान्याच्या कामाला जातोय. परत आले ते तिला सांगायचं ठरवूनच. दार तिने उघडलं, आणि त्यांच्या मागे कुणी आहे का ते वाकून बघितलं. नाही सांगवलं. मग दहा वर्षं नाही.

मी विचारलं, “मग बाबा, तुम्ही रोज विचारत का होतात?”

“मी कुठे विचारत होतो. ती विचारायची. रोज एकदा. येईल ना हो तो? मी म्हणायचो, येईल. ऑगस्टपासून घरात कुणी विचारेना.”